विझलेल्या दिव्यांचा इतिहास

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शाळांमध्ये जाण्याचा योग आम्हाला अनेकदा येतो. शाळा जिल्हा परिषदेची असो की एखाद्या संस्थेची, अडगळीच्या खोलीचा एक कोपरा सगळीकडे सारखा दिसतो. मोडकी बाके, फाटके नकाशे आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या ट्यूबलाइटच्या पाच-सहा नळ्या. टोके काळी पडलेली, अंगावर धूळ. एका शाळेत आम्ही शिपाईमामांना विचारले, "या अशा किती दिवसांपासून आहेत?" ते म्हणाले, "लई वर्सं झाली सर. भंगारवाला घेईना, अन् फेकावं तर काच लेकरांच्या पायात जाती. राहू द्या म्हणलं तिथंच."

दिव्यांचा इतिहास आपण मुलांना शिकवतो तो दिवा पेटण्याचा इतिहास असतो. स्वान, एडिसन, १८७९ साल, कार्बनचा तंतू वगैरे. दिवा विझल्यावर, म्हणजे कायमचा विझल्यावर, त्याचे पुढे काय होते हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही. शिपाईमामांना मात्र तो रोज समोर दिसत होता. म्हणून या लेखात आम्ही उलट्या बाजूने निघालो आहोत. आपल्या भागातल्या घरांत कोणकोणते दिवे आले आणि ते गेले कुठे, हे पाहायचे आहे.

विझण्याबद्दल आपली भाषा पूर्वीपासून हळवी आहे. आजीच्या तोंडी 'दिवा विझव' असे कधी येत नसे. दिवा मालवायचा, शांत करायचा किंवा त्याला निरोप द्यायचा. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे बाहेर काढून, घासून-पुसून पाटावर मांडायचे आणि त्यांची पूजा करायची, ही दिव्यांच्या अवसेची रीत मराठवाड्यातही आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी वर्षातून एकदा घरातला प्रत्येक दिवा हातात घेऊन तपासण्याची ती सोय होती. त्या काळच्या दिव्यांचा कचरा असा होतच नसे. पणती फुटली तर माती मातीत जाई. समई झिजली तर ती मोडीत घालायची, म्हणजे पितळेच्या वजनावर नवे भांडे घ्यायचे. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आज आपण निरुपयोगी ठरवणे या अर्थाने वापरतो, पण मुळात त्यात वस्तूची किंमत चुकती होत असे. तेल करडईचे किंवा एरंडीचे, म्हणजे इथल्याच शेतातले. वातीची राहायची ती काजळी.

मग रॉकेल आले. त्याला आपल्याकडे 'घासलेट' हे नाव पडले ते इंग्रजी 'गॅसलाइट'वरून. दिवा गॅसचा नव्हता, पण नाव तेच चिकटले. घासलेटाबरोबर पत्र्याचे चौकोनी डबे आले आणि या डब्यांनी जे केले ते पुनर्वापराच्या कोणत्याही पाठात घालावे असे आहे. डबा रिकामा झाला की त्यात धान्य भरायचे, वर लाकडी दांडी ठोकली की पाण्याची घागर झाली, कापून सपाट केला की छपराला ठिगळ. उरलेल्या तुकड्यातून गावातला कारागीर चिमणी करून देई, तीत पुन्हा घासलेटच जाई. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून केलेली चिमणीही अनेकांनी पाहिली असेल. कंदिलाची काच मात्र फुटत असे. ती राखेने पुसण्याचे काम मुलांकडे असे आणि फुटली की मारही मुलांनाच बसे. काचेचे तुकडे जात ते वाड्याच्या भिंतीवर, ओल्या चुन्यात खोचून, चोरांसाठी.

लग्नाच्या वरातीत, कीर्तनात आणि तमाशाच्या फडावर जी बत्ती लागे तिच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण दिव्याच्या कचऱ्यात न दिसणारी गोष्ट शिरली ती इथे. बत्तीचे मँटल हे जाळीदार कापड थोरियम आणि थोड्या सिरियमच्या क्षारांत भिजवलेले असे. पहिल्यांदा पेटवले की कापड जळून जाई आणि ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा उरे. तो ज्योतीत तापून पांढराशुभ्र उजेड देई. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शोधले. आणि थोरियम आले कुठून? बरेचसे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तिथून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले, त्यानंतर ती वाळू परदेशी निघाली. थोरियम किरणोत्सारी आहे. घरात मँटल वापरणाऱ्याला त्यापासून मोठा धोका होता असे नाही. मँटल तयार करणाऱ्या कामगारांना तो अधिक होता. तरीही मँटलची राख फुंकर मारून उडवू नये एवढे तरी कोणी सांगायला हवे होते. ते कुणी सांगितल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. ती राख उकिरड्यावर गेली आणि तिथून खत होऊन शेतात.

मराठवाड्याच्या खेड्यांत वीज उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचे वीजघर १९६८मधले, परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१मधला. तारा गावात पोहोचल्या तरी सुरुवातीला घरात एकच बल्ब असे, तोही स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात बसवलेला. एका बल्बात दोन खोल्या!

या पिवळ्या बल्बला आम्ही निर्दोष म्हणणार नाही, पण मेल्यावर तो निरुपद्रवी होता. काच, टंगस्टनचा तंतू, आत थोडा निष्क्रिय वायू, टोपण पितळेचे आणि पुढे ॲल्युमिनियमचे. टोपणाच्या तळाशी डाग दिलेला असे त्यात थोडे शिसे होते, एवढेच काय ते. बल्ब 'उडाला' की घरातले कर्ते माणूस तो कानाशी धरून हलवून पाही. तुटलेल्या तंतूची टोके योगायोगाने एकमेकांना लागली आणि वीजप्रवाह सुरू झाला की तिथेच तापून ती जुळत आणि बल्ब आणखी काही दिवस चाले. अशा दुरुस्त बल्बचा उजेड आधीपेक्षा जास्त पडे. असे का, हे आठवी-नववीच्या मुलांना जरूर विचारा. तंतू आखूड झाला, रोध कमी झाला, शक्ती वाढली. आणि म्हणूनच तो लवकर मेलाही.

बल्ब किती टिकावा हे मात्र केवळ विज्ञानाने ठरलेले नाही. १९२४मध्ये जगातल्या मोठ्या दिवा-कंपन्यांनी जिनिव्हा येथे एकत्र येऊन 'फोबस' नावाची संघटना केली. बल्बचे आयुष्य १००० तासांच्या आसपास ठेवायचे, ज्याचे बल्ब जास्त टिकतील त्याला दंड, असा तिचा शिरस्ता होता. दुसऱ्या महायुद्धाने ती मोडली. जास्त टिकणारा तंतू कमी कार्यक्षम असतो, त्यामुळे १००० तास हा आकडा अगदीच निराधार नव्हता, असेही काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण जास्त टिकला म्हणून दंड, याचे समर्थन तंतूच्या भौतिकशास्त्रातून निघत नाही.

शाळांनी या मेलेल्या बल्बचे सोने केले. १९७२मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आणि पुढे त्या परंपरेतल्या प्रयोगपुस्तिकांत उडालेला बल्ब हा चंबू म्हणून आला, पाणी भरून भिंग म्हणून आला. टोपणाच्या तळाचा काळा भाग फोडायचा, आतला दांडा मोडून काढायचा, काचेचा चंबू धुऊन घ्यायचा. आपल्यापैकी अनेकांनी हे स्वतः केले आहे, मुलांकडून करवून घेतले आहे आणि ते चांगलेच होते. पण यातूनच एक सवय लागली. मेलेला दिवा म्हणजे फोडून पाहण्याची वस्तू. पुढे जो दिवा आला त्याला ही सवय लावणे धोक्याचे होते, हे आपण मुलांना तितक्याच आवर्जून सांगितले का?

पुढचा दिवा म्हणजे ट्यूबलाइट. जर्मनीत एडमंड गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६मध्ये त्याचे एकस्व मागितले, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९३८मध्ये तो बाजारात आणला. नळीत अगदी कमी दाबाखाली आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ असते. इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि अणूंमधून अतिनील किरण निघतात, मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीला आतून लावलेली पांढरी पूड ते शोषते आणि दृश्य प्रकाश बाहेर टाकते. म्हणजे उजेड पुडीचा, पण तिला चेतवणारा पारा. पारा नसेल तर पूड ही नुसती रंगसफेती.

या पुडीची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पहिल्या दशकात तिच्यात बेरिलियम असे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम येथे नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यातल्या तरुण कामगार मुली दम लागून आजारी पडू लागल्या. काहींना हे दुखणे काम सोडल्यावर वर्षा-दोन वर्षांनी जडले, त्यामुळे कामाशी त्याचा संबंध जोडणे अवघड गेले. क्षयासारखे दिसे, पण क्षय नव्हता. डॉ. हॅरिएट हार्डी आणि त्यांचे सहकारी टॅबरशॉ यांनी १९४६मध्ये या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि संशय बेरिलियमवर स्थिरावला. फुटलेल्या नळीची काच हाताला लागली तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तिथे गाठी येतात, हेही नोंदले गेले. १९४९मध्ये अमेरिकेतल्या कारखानदारांनी दिव्यांतून बेरिलियम काढून टाकले. हे त्यांना जमले याचे एक कारण असे की दुसरी पूड तयार होती. इंग्लंडमध्ये मॅकीग आणि रॅन्बी यांनी १९४२मध्येच कॅल्शियम हॅलोफॉस्फेटची पूड शोधली होती. आपल्या हाडांत आणि दातांत जे खनिज असते त्याच्याच जातकुळीची. पर्याय हाताशी असला की धोका मान्य करणे सोपे जाते. पाऱ्याला तेव्हा पर्याय नव्हता, म्हणून तो राहिला.

आपल्याकडे ट्यूब आली ती आधी कचेऱ्यांत आणि दुकानांत, मग घरांत. मुलाला उशिरा कळले की 'याची ट्यूब उशिरा पेटते' असे म्हणण्याइतकी ती भाषेतही रुजली. ही उशिरा पेटण्याची खोड मराठवाड्यात जास्त दिसली, कारण इथे संध्याकाळी दाब कमी असे. चोक आणि स्टार्टर यांवर चालणाऱ्या नळीला पेटण्यासाठी क्षणभर जास्त दाब लागतो. तो मिळाला नाही की ती लुकलुकत राहते. प्रत्येक अयशस्वी प्रयत्नात टोकाच्या तारेवरचा लेप थोडा उडतो आणि काचेवर बसतो. शाळेच्या कोपऱ्यातल्या नळ्यांची काळी टोके हीच. कमी दाबाच्या भागात नळ्या लवकर मरतात आणि जास्त नळ्या कचऱ्यात जातात. विजेची तूट आणि पाऱ्याचा कचरा यांचे नाते असे आहे.

त्यात लातूर. नव्वदच्या दशकात 'लातूर पॅटर्न'ची ख्याती पसरली आणि परजिल्ह्यातली मुले इथल्या महाविद्यालयांत, खाजगी शिकवण्यांत आणि वसतिगृहांत दाटीने राहू लागली. नांदेडमध्येही पुढे तेच झाले. परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्री या शहरांतल्या काही गल्ल्यांमधून गेलात तर खिडकी-खिडकीत पांढरा उजेड दिसे. त्या उजेडात किती डॉक्टर आणि अभियंते घडले याचे फलक चौकाचौकांत लागत. किती नळ्या विझल्या याचा हिशेब ठेवायचे कुणाला सुचले नाही, आणि त्यात आम्हीही आलो.

एका नळीत पारा किती? जुन्या, जाड, ४० वॅटच्या नळीत काही दशक मिलिग्रॅम, नंतरच्या बारीक नळ्यांत साधारण १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, छोट्या सी.एफ.एल. दिव्यात पाचाच्या आत. तापमापीत अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे ५०० ते १००० मिलिग्रॅम असतो. तेव्हा एक सी.एफ.एल. फुटला म्हणून घर सोडून पळण्याचे कारण नाही. ही भीती पसरवणारे लेख आम्ही वाचले आहेत आणि ते आम्हाला पटलेले नाहीत. पण बेरीज करून पाहा. एका दिव्यात ४ मिलिग्रॅम धरले तर एक कोटी दिव्यांत ४० किलो पारा होतो. आणि पारा नाहीसा होत नाही. तो मूलद्रव्य आहे. जाळा, पुरा, नदीत टाका, तेवढाच राहतो.

नदीत गेल्यावर काय होते ते जपानने पाहिले. मिनामाता येथील चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी १९३२पासून १९६८पर्यंत खाडीत जात होते. पाऱ्याचे एक सेंद्रिय संयुग, मिथिल मर्क्युरी, मासळीत साठत गेले. आधी कोळीवाड्यातली मांजरे वेड्यासारखी नाचून मेली, मग माणसे. १९५६मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचा संबंध सरकारने मान्य करायला मात्र १९६८ उजाडले. साध्या पाऱ्याचेही जलाशयाच्या तळच्या गाळात जिवाणूंमुळे मिथिल मर्क्युरीत रूपांतर होऊ शकते. आमच्याकडे नांदेडला गोदावरी आणि लातूरला मांजरा. दोन्हींच्या काठाने मासे धरून पोट भरणारी कुटुंबे आहेत.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आणि भंगाराशी जास्त जवळचे. तामिळनाडूतल्या कोडाईकनाल येथे तापमाप्यांचा एक कारखाना होता. मूळची यंत्रे अमेरिकेतून आणलेली, मालकी पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे आलेली. मार्च २००१मध्ये गावातल्या एका भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या काचांचा ढीग सापडला. कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि कारखाना बंद पडला. २००३मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला आणि २०१६मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. आमच्या दृष्टीने यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की पारा पहिल्यांदा दिसला तो भंगाराच्या दुकानात. कारखान्यात नाही, सरकारी तपासणीत नाही.

मधल्या काळात महाराष्ट्रात भारनियमन आले. २००५नंतरची काही वर्षे खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास अंधार असे. तेव्हा सी.एफ.एल. हा तारणहार वाटला, आणि वीज वाचवण्यात तो होताही. फेब्रुवारी २००९मध्ये केंद्र सरकारने 'बचत लॅम्प योजना' सुरू केली. साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब द्यायचा आणि १५ रुपयांत सी.एफ.एल. घ्यायचा. फरकाची रक्कम कार्बन क्रेडिट विकून भरून काढायची होती. या कार्बन क्रेडिटच्या नियमांत एक अट होती. जमा झालेले पिवळे बल्ब मोजून नष्ट करायचे, नाहीतर ते पुन्हा कुणीतरी लावील. आम्हाला यात मोठी गंमत वाटते. ज्या बल्बमध्ये विष नव्हते त्याच्या मृत्यूची मोजदाद झाली. ज्यात पारा होता त्याच्या मरणानंतरच्या वाटेचा विचार मागाहून करायचा राहिला.

तरीही सी.एफ.एल.वर अन्याय नको. वर्गात हे गणित घालून पाहा. साठ वॅटचा बल्ब ८००० तास जळाला तर ४८० युनिट लागतात, १४ वॅटच्या सी.एफ.एल.ला ११२. वाचले ३६८ युनिट. परळीसारख्या केंद्रात एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर २५८ किलो कोळसा वाचला. कोळशातही पारा असतो, किलोमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे वाचलेल्या कोळशातच २५-२६ मिलिग्रॅम पारा होता. त्यातला काही राखेत अडकतो, पण बराचसा धुराड्यातून जातो. सी.एफ.एल.मधल्या पाऱ्यापेक्षा हा जास्त आहे. फरक इतकाच की धुराड्यातला पारा सगळ्यांवर विरळ होऊन पडतो आणि दिव्यातला पारा जो फोडील त्याच्या तोंडावर.

आणि फोडणारा कोण? सी.एफ.एल. दुरुस्त करणारी मुले नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत काही वर्षे ठिकठिकाणी बसत. टोपण उघडायचे, फुगलेले कपॅसिटर बदलायचे, नळी जळाली असेल तर एकाची नळी दुसऱ्याच्या पायावर चढवायची. कसब वाखाणण्यासारखे. पण नळ्या तिथे फुटत आणि पायाशी पडून राहत. दुसरी फोडणारी म्हणजे कचरा वेचणारी बाई. ट्यूबच्या काचेला भाव नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. पण दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या टोप्या असतात आणि त्यांना भाव आहे. टोपी काढायची तर नळी फोडावी लागते. तुकडे झालेल्या नळीतून वाफ एकदम बाहेर पडते आणि पुढे कित्येक दिवस थोडी थोडी येत राहते. श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के अंगात राहते. गिळलेला पारा मात्र फारसा शोषला जात नाही. तापमापीतला पारा गिळलेले मूल बहुधा बरे राहते आणि नळ्या फोडणाऱ्या बाईचे हात काही वर्षांनी थरथरू शकतात, ते यामुळे.

नियम झाले. २०११च्या ई-कचरा नियमांत दिवे नव्हते. १ ऑक्टोबर २०१६पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत पारायुक्त दिवे आले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ट्यूब आणि सी.एफ.एल. यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटले आणि स्थानिक संस्थेने दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र ठेवावे असे सांगितले. आपल्या गावात असे केंद्र कुठे आहे, हे आम्ही ज्या ज्या शिक्षकांना विचारले त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही. पुनश्चक्रण करणारा कारखाना जवळ नसेल तर पारा बांधून टाकून असे दिवे घातक कचऱ्याच्या प्रक्रिया-केंद्रात पाठवावेत, अशीही सवलत ई-कचरा नियमांत होती. महाराष्ट्रात ही केंद्रे तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे. लातूरहून रांजणगाव किंवा नांदेडहून बुटीबोरी तीनशे किलोमीटरच्या घरात. पाच मिलिग्रॅम पारा असलेला दिवा तीनशे किलोमीटर कोण नेणार? एकेकटा कुणीच नाही. शंभर शाळांच्या नळ्या एका ठिकाणी जमल्या तर एक टेम्पो भरतो, आणि मग उत्पादकाला किंवा अधिकृत पुनश्चक्रण करणाऱ्याला तो न्या म्हणून पत्र लिहिता येते.

पुनश्चक्रण म्हणजे काय तेही सांगितले पाहिजे, कारण ते अवघड नाही. बंद यंत्रात, हवा आत ओढली जाईल अशा कमी दाबाखाली नळीची टोके कापतात किंवा ती चुरडतात. काच, टोप्या आणि पूड वेगळी करतात. हवा गंधकयुक्त कोळशातून गाळतात. पूड तापवली की ३५७ अंश सेल्सिअसला पारा उकळतो, त्याची वाफ थंड करून तो परत मिळतो. नव्या धर्तीच्या पुडीत युरोपियम, टर्बियम, यट्रियम ही विरळ मृद मूलद्रव्येही असतात.

आता काळ संपत आला आहे. १९९३ म्हटले की लातूरकराला ३० सप्टेंबरची पहाट आणि किल्लारी आठवते. दुसरे काही आठवत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एल.ई.डी. जाहीर केला. त्यातून पांढरा उजेड शक्य झाला. २०१४मध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २०१५पासूनच्या 'उजाला' योजनेत ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. बल्ब वाटले गेले, आणि सरकारी खरेदीचा भाव तीनशेहून अधिक रुपयांवरून चाळिसाच्या आत आला. पाऱ्याला पर्याय हाताशी आला आणि धोका मान्य करणे सोपे झाले, बेरिलियमच्या वेळी झाले तसेच. २०१७मध्ये अमलात आलेला पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्याच नावाचा आहे; भारताने त्याला २०१८मध्ये मान्यता दिली. २०२३मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या त्याच्या पाचव्या परिषदेत सरळ नळ्यांचेही उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७च्या अखेरीपर्यंत थांबवायचे ठरले.

म्हणजे शाळांच्या छतावर उरलेल्या नळ्या येत्या काही वर्षांत एकदमच खाली उतरणार. नवा एल.ई.डी. लावणारा कारागीर जुनी नळी काढून तुमच्या हातात देईल, तेव्हा नव्या नळीचा पुठ्ठ्याचा खोका फेकू नका. जुनी नळी त्यातच सरकवा आणि खोका मुलांचा हात पोहोचणार नाही असा आडवा ठेवा. खोक्यावर तारीख घाला, नळ्या मोजून साठा नोंदवहीत लिहा. नोंद असलेली वस्तू कोणी सहजासहजी उकिरड्यावर टाकत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. नळी फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, दारे-खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडी ठेवा. केरसुणी फिरवू नका, तिने पूड उडते आणि केरसुणीही खराब होते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपा आणि सगळे झाकणाच्या बरणीत घालून घट्ट लावा. जमीन शेणाने सारवलेली असेल तर तेवढा वरचा पापुद्रा खरवडून तोही बरणीत.

एल.ई.डी.मध्ये पारा नाही. पण त्याच्या पोटात परिपथाची पट्टी आहे, डाग आहेत, ॲल्युमिनियमची तबकडी आहे, आणि तोही मरतो. पूर्वी सी.एफ.एल. उघडणारी मुले आता एल.ई.डी. उघडतात. तबकडीवरच्या दहा-बारा ठिपक्यांपैकी एकावर काळा डाग दिसतो; तेवढाच मेलेला असतो आणि त्याच्यामुळे एकसरीतले सगळे विझतात. तो ठिपका ओलांडून डाग दिला की बल्ब पुन्हा लागतो, पण उरलेल्या ठिपक्यांवर भार वाढतो आणि तो फार दिवस चालत नाही. कानाशी हलवून पेटवलेल्या पिवळ्या बल्बचेच हे भावंड. शिपाईमामांच्या शाळेत आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. कोपऱ्यात आता नऊ नळ्या आहेत, सगळ्या खोक्यांत. मुख्याध्यापकांनी नगरपालिकेला पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.